ओळखपरेड

आमची कंपनी म्हणजे तीन माणसं, भाड्याचं एक किचन आणि शंभर शेअर. चाळीस माझे, तीस नवऱ्याचे, तीस पुण्यातल्या धाकट्या दिरांचे. इंग्लंडातल्या स्लाउ आणि आसपासच्या मराठी घरांना दिवाळीचा फराळ, वर्षभर चिवडा, चकली, शंकरपाळे, आणि ऑर्डर आली तर पुरणपोळ्या, एवढाच पसारा. २०१७ च्या फेब्रुवारीत लिमिटेड कंपनी काढली, कारण कोणीतरी सांगितलं की लिमिटेड असलात तर दुकानदार माल ठेवून घेतात. तेव्हापासून नवऱ्याबरोबर मीही डायरेक्टर आहे. म्हणजे वर्षातून एकदा अकाउंटंट विचारेल तेव्हा 'हो, सगळं तेच आहे' असं म्हणते. बाकी वेळ भाजणी आणि तेलाचे भाव.

दिवाळीची धावपळ उतरली आणि नोव्हेंबरात अकाउंटंटची मेल आली. मेल छोटी होती, हीच तिची अडचण. नवीन नियम १८ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. दोन्ही डायरेक्टरांनी ओळख पडताळून आपापले पर्सनल कोड काढावेत. तिन्ही पीएससींनीही काढावेत. कन्फर्मेशन स्टेटमेंटच्या आधी कळवावं. यातला 'नवीन' हा एक शब्द मला नीट कळला. हे तीन पीएससी कोण, ते शोधायला निघाले तर त्यातली एक मीच निघाले.

ब्रिटनमध्ये छोटासा जरी धंदा केला तरी घरात नंबरांचा ढीग साठतो. कंपनीचा आठ आकडी नंबर. टॅक्सवाल्यांचा दहा आकडी यूटीआर, त्यातही कंपनीचा वेगळा आणि आपला वेगळा. गव्हर्नमेंट गेटवेचा बारा आकडी आयडी. नॅशनल इन्शुरन्स नंबर. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसचा सहा अक्षरी ऑथेंटिकेशन कोड, जो कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर पोस्टाने येतो आणि नेमका हवा तेव्हा सापडत नाही. त्यात आता हा अकरा अक्षरी पर्सनल कोड. अकाउंटंटला फोन लावला. बाई शांत स्वभावाच्या आहेत. त्या म्हणाल्या, सहा अक्षरी कोड कंपनीचा, अकरा अक्षरी कोड माणसाचा. कंपनी उद्या बंद केलीत तरी हा तुमच्याजवळ राहणार, आणि आणखी चार कंपन्यांत डायरेक्टर झालात तरी हाच चालणार. मी म्हटलं, एकच पुरे आहे.

मग पीएससी. पंचवीस टक्क्यांहून जास्त शेअर किंवा तेवढीच मतं ज्याच्या हातात, किंवा डायरेक्टर नेमण्या-काढण्याची सत्ता ज्याच्याकडे, तो कंपनीवर लक्षणीय नियंत्रण असलेला माणूस. अशा माणसांची यादी ठेवण्याचा कायदा इथे एप्रिल २०१६ पासून आहे. म्हणजे आमची कंपनी जन्मली तेव्हापासून भावजींचं नाव त्या यादीत आहे आणि तिघांपैकी एकालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. भावजींना फोनवर सांगितलं की तुमचं आमच्यावर लक्षणीय नियंत्रण आहे, तर ते म्हणाले, "वहिनी, माझं कसलं नियंत्रण? चकलीत तीळ किती घालायचे एवढं तरी कुणी मला विचारलंय का?"

मला खरा धक्का बसला तो पुढेच. ओळख पडताळायची म्हणजे याआधी काय केलं होतं, हे आठवायचा मी प्रयत्न केला. बँकेने खातं उघडताना दोघांचे पासपोर्ट, घराचं वीजबिल, कौन्सिल टॅक्सचं पत्र असं सगळं मागितलं होतं. कौन्सिलमध्ये खाद्यव्यवसाय म्हणून नोंद करायची तर धंदा सुरू करण्याच्या अठ्ठावीस दिवस आधी. मग तपासनीस येऊन फ्रिजचं तापमान, हात धुण्याचं बेसिन, पिठाच्या डब्यांची झाकणं बघून गेला आणि शून्य ते पाच यांतला आकडा दारावर लावायला देऊन गेला. लायब्ररीच्या कार्डालासुद्धा पत्त्याचा पुरावा लागला. आणि कंपनी? कंपनी आम्ही एका रात्री, मुलीला झोपवल्यावर, बारा पौंड भरून काढली होती. त्या फॉर्मवर सही म्हणून स्वतःबद्दलच्या तीन गोष्टी लिहायच्या होत्या. जन्मगावाची पहिली तीन अक्षरं, आईच्या माहेरच्या आडनावाची तीन, डोळ्यांचा रंग, वडिलांचं नाव, पासपोर्टचे शेवटचे तीन आकडे अशांतल्या कुठल्याही तीन. मी मिरज, आईचं माहेर आणि तपकिरी असं लिहिलं होतं. ते खरं होतं, पण खोटं असतं तरी कोणी माझ्या डोळ्यांत बघायला येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंपनी तयार.

हे सर्वांच्याच बाबतीत असंच होतं हे वाचून मी थक्क झाले. कार्डिफचं कंपनीज हाउस म्हणजे कागद आले की नोंदवून घेणारं ऑफिस. लिहिलेलं खरं आहे का, हे बघणं त्याचं कामच नव्हतं. कायद्याने तसा अधिकारच फारसा दिलेला नव्हता. कंपन्यांची सरकारी नोंद इथे १८४४ च्या कायद्यापासून सुरू आहे, म्हणजे पावणेदोनशे वर्षं ब्रिटन सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवत आलं. या व्यवस्थेतलं भोक दाखवायला एका गृहस्थाने २०१३ मध्ये चक्क तेव्हाचे व्यापारमंत्री व्हिन्स केबल यांच्या नावाने कंपनी काढली आणि त्यांना न विचारता त्यांना डायरेक्टर करून टाकलं. कंपनीज हाउस ज्या खात्याखाली येतं, त्याच खात्याचे मंत्री! गृहस्थाने ते मंत्र्यांना स्वतः कळवलंही. पुढे खटला झाला तो त्या गृहस्थावरच, आणि दंड व खर्च मिळून बारा हजार पौंडांहून अधिक भरावे लागले. दुसऱ्या एका कंपनीच्या डायरेक्टरच्या रकान्यात इटालियनमध्ये 'कोंबडीचोर' असं नाव, धंदा 'फसवेगिरी' आणि पत्ता चाळीस चोरांच्या रस्त्यावरचा दिलेला होता. नोंद झाली, आणि कुणाला हसूही आलं नाही.

हसण्यासारखं तेवढंच होतं. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे दोनशे अब्ज युरो वाहून गेले, त्यातले बरेच खातेदार ब्रिटनमध्ये नोंदलेल्या भागीदारी संस्था होत्या. स्वस्तात, एका दिवसात, कोणी काही न विचारता मिळणारी ब्रिटिश पाटी अशा लोकांना किती सोयीची असेल ते उघडच आहे. शेवटी २०२३ च्या ऑक्टोबरात आर्थिक गुन्हे आणि कंपनी पारदर्शकता यांचा कायदा झाला. २०२४ च्या मार्चपासून कंपनीज हाउसला माहितीवर शंका घेण्याचे, प्रश्न विचारण्याचे, चुकीची नोंद काढून टाकण्याचे अधिकार मिळाले. ८ एप्रिल २०२५ पासून ओळख पडताळणी ऐच्छिक झाली आणि १८ नोव्हेंबरपासून सक्तीची. नव्या कंपनीला पहिल्या दिवसापासून. आमच्यासारख्या जुन्यांना वर्षभराची सवड, ज्याच्या त्याच्या तारखेप्रमाणे.

ज्याच्या त्याच्या तारखेप्रमाणे, या तीन शब्दांनी माझा हिवाळा खाल्ला. आमची कंपनी ९ फेब्रुवारीची, म्हणून कन्फर्मेशन स्टेटमेंटची, म्हणजे त्या वर्षातून एकदाच्या 'हो, सगळं तेच आहे'ची, तारीख दरवर्षी ८ फेब्रुवारी आणि भरायला त्यापुढे चौदा दिवस. या वर्षी त्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक डायरेक्टरचा पर्सनल कोड घालायचा. एकाचा जरी नसला तरी स्टेटमेंट पुढे सरकत नाही. फी तर १ फेब्रुवारीपासून चौतीस पौंडांवरून पन्नासवर गेलेली. बरं, कोड मिळाला म्हणजे संपलं असं मला वाटत होतं, तर तसंही नाही. पडताळणी हे एक काम आणि ती पडताळणी आपल्या नोंदीला जोडणं हे दुसरं. डायरेक्टर म्हणून कोड स्टेटमेंटबरोबर जातो. मी आणि नवरा डायरेक्टरही आहोत आणि पीएससीही, म्हणून तोच कोड पीएससी म्हणून पुन्हा वेगळा नोंदवायचा, स्टेटमेंटच्या तारखेनंतरच्या चौदा दिवसांत. आणि जो नुसता पीएससी आहे, डायरेक्टर नाही, त्याची तारीख त्याच्या जन्ममहिन्यावरून ठरते: त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून चौदा दिवस. हे सगळं कॅलेंडरवर लिहून ठेवलं. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीची, कंपनी २२ ची. दोन्ही एकाच पानावर.

प्रत्यक्ष पडताळणी सुरू केली ती किचनमध्येच, चिवडा थंड होईपर्यंत. सरकारचं वन लॉगिन नावाचं एकच खातं आहे, त्यात शिरायचं, मग फोनवर अॅप घ्यायचं. पासपोर्टचं फोटोचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं, ते घेतलं. मग अॅप म्हणालं, फोन पासपोर्टवर टेकवा, चिप वाचायची आहे. पासपोर्टात चिप आहे हे मला ठाऊक होतं. ती नक्की कुठे हे कोणाला ठाऊक असतं? फोन वर, खाली, आडवा, उभा, मलपृष्ठावर, पहिल्या पानावर असा फिरवून झाला. पडद्यावरचं वर्तुळ भरायला लागायचं आणि मध्येच रिकामं व्हायचं. मुलगी शाळेतून आली, दप्तर न उतरवता म्हणाली, "आई, स्टीलच्या ओट्यावर कसं वाचेल? लाकडावर ठेव. आणि कव्हर काढ, त्याला मागे लोहचुंबक आहे." पोळपाट उलटा करून त्यावर पासपोर्ट ठेवला. हलवायचं नाही, श्वास घ्यायला हरकत नाही, असं तिने बजावलं. वर्तुळ भरलं.

पुढे चेहरा. पडद्यावर एक अंडाकृती येते, त्यात आपलं तोंड बसवायचं, आणि मग फोन लाल, निळा, हिरवा असा उजळत राहतो. समोर खरा माणूस आहे की कोणाचा तरी फोटो धरलाय, ते तो उजेड चेहऱ्यावर कसा पडतो यावरून यंत्र ताडतं म्हणे. माझ्या कपाळावर टिकली, पासपोर्टच्या फोटोत नाही. केसांवर पिठाचा हलकासा थर, तोही फोटोत नाही. मी उगाचच गंभीर चेहरा केला. मिनिटाभरात निरोप आला की तुमची ओळख पटली. लग्नात सासरच्यांनासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

कोड पडद्यावर आला, मेलनेही आला. अकरा अक्षरं-आकडे. हा कोणाला द्यायचा नाही, फक्त आपल्या अकाउंटंटला, आणि तोही लागेल तेव्हा. तो जाहीर नोंदीत दिसत नाही. जाहीर नोंदीत दिसतं ते एवढंच की अमक्या डायरेक्टरने पडताळणीची माहिती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची आहे. तिथे माझं नाव बघायला मी गेले आणि तिथे मला मी भेटले, पण जरा वेगळीच.

२०१७ मध्ये माझा पासपोर्ट भारतीय होता. त्यावर माझं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. आपल्याकडे असतं तसंच. कंपनीच्या नोंदीत तेच उतरलं. २०१९ मध्ये मी इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा लोक मला नवऱ्याच्या नावाने हाक मारून थकवत होते, म्हणून मधलं नाव गाळून टाकलं. म्हणजे चिपमध्ये जी बाई आहे ती दोन नावांची आणि नोंदीत जी आहे ती तीन नावांची. डायरेक्टर म्हणून एक नोंद, पीएससी म्हणून दुसरी. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती, दोन्हींना वेगळा फॉर्म. डायरेक्टरचा तपशील बदलायला सीएच झिरो वन, पीएससीचा बदलायला पीएससी झिरो फोर. फॉर्म भरणं सोपं आहे. पण वर्षानुवर्षं जुळलेली आहे असं समजून चालवलेली एक गोष्ट दोन फॉर्मांनी जुळवावी लागते, तेव्हा माणूस जरा गप्प होतो. नवऱ्याचं उलटं. त्याचा पासपोर्ट अजून भारतीयच, चिप नसलेला. पण इथलं फोटोवालं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. त्यावर वडिलांचं नाव आहे. नोंदीत ते नाही, कारण २०१७ च्या त्या रात्री फॉर्म भरायला तो बसला होता आणि त्याला झोप आली होती.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना वेबसाइटवर प्रश्नांची उत्तरं देऊन किंवा पोस्ट ऑफिसात कागद दाखवूनही हे करता येतं, आणि हे सगळं फुकट आहे. मुद्दाम सांगते, कारण रथसप्तमीच्या आधीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर हाच विषय वाटला जात होता. दोघीतिघींना मेल आल्या होत्या: तातडीने पडताळणी करा, नाहीतर दंड, इथे क्लिक करा, एवढे पौंड भरा. एकीच्या नवऱ्याची एकट्याची आयटीची कंपनी. कंपनी म्हणजे तो आणि त्याचा लॅपटॉप, पण डायरेक्टर आहे, म्हणजे सुटका नाही. सगळ्यांत गोंधळल्या होत्या त्या सत्तरीतल्या एक मावशी. त्या ज्या इमारतीत राहतात तिथल्या फ्लॅटवाल्यांनी मिळून इमारतीची मालकी एका कंपनीच्या नावावर घेतली आहे, आणि त्या कंपनीच्या डायरेक्टर म्हणून कधीतरी मावशींची सही घेतली होती. त्यांना वाटत होतं आपण सोसायटीच्या कमिटीवर आहोत. "म्हणजे जिन्यातला दिवा बदलायचा तर मला पासपोर्ट दाखवायला लागणार?" असं त्यांनी विचारलं. दिव्यासाठी नाही, पण डायरेक्टर राहायचं तर हो. पडताळणी न करता डायरेक्टर म्हणून काम करत राहणं हा आता गुन्हा आहे. हे ऐकून मावशी म्हणाल्या, मग मी राजीनामा देते, दिवा ते बघतील. वाण म्हणून मिळालेला डबा पिशवीत टाकून त्या उठल्याही. मला त्यांचं म्हणणं पटलं, पण प्रत्येक इमारतीतल्या मावशी असाच विचार करू लागल्या तर त्या कंपन्या चालवणार कोण, हाही प्रश्न आहेच.

आता उरले भावजी. त्यांचं प्रकरण फोनवर, आणि ते सर्वांत रंगलं.

पहिली गोष्ट, त्यांना यात नवीन काही वाटतच नव्हतं. भोसरीला त्यांचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. "वहिनी, आमच्याकडे डायरेक्टर व्हायचं तर आधी डीआयएन लागतो, आठ आकडी. त्याला पॅन, आधार, सगळं जोडलेलं. सही करायला पेनड्राइव्हसारखं टोकन. वर २०१८ पासून केवायसीचा फॉर्म. मोबाइलवर ओटीपी, मेलवर ओटीपी. तारीख चुकली की डीआयएन बंद, आणि उघडायला पाच हजार रुपये." मालक कोण, हे शोधताना भारताचा कायदा दहा टक्क्यांपासून विचारतो, तुमचे साहेब पंचवीसपर्यंत झोपलेले असतात, असंही वर ऐकवलं. मी म्हटलं, तुम्ही सगळं तुमच्या सीएकडून करून घेता, तुम्हाला काय माहीत? ते म्हणाले, "सीए करतो, पण ओटीपी तर माझ्याच फोनवर येतो ना!"

दुसरी गोष्ट जन्मतारीख. भावजी श्रावणातले. घरात त्यांचा वाढदिवस नारळी पौर्णिमेच्या आसपास होतो. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १ जून लावून टाकली. महाराष्ट्रात त्या पिढीचं अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असतं, तसे तेही. पासपोर्टवर १ जून, आधारवर १ जून, आमच्या कंपनीच्या नोंदीतही जून. म्हणजे कार्डिफच्या हिशेबाने त्यांची मुदत १ जून ते १४ जून २०२६. कोण्या गुरुजींनी पन्नासेक वर्षांपूर्वी हजेरीपटावर टेकवलेल्या पेनाने इंग्लंडातली एक सरकारी मुदत ठरली, हे भावजींना फार आवडलं. त्यांनी ते त्यांच्या सीएलाही ऐकवलं. नोंदणीच्या दृष्टीने मात्र हे बरंच झालं: सगळे कागद एकच खोटी तारीख सांगतात, आणि यंत्राला तेवढंच हवं असतं.

तिसरी गोष्ट चिप. अॅप परदेशातूनही चालतं, पासपोर्टात चिप असली तर. भारतात चिपचे ई-पासपोर्ट २०२४ पासून द्यायला लागलेत. मुखपृष्ठावर खाली सोनेरी रंगाची छोटी खूण असते. मी म्हटलं, बघा तुमच्या पासपोर्टवर. भावजींनी व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट कॅमेऱ्याला इतका जवळ धरला की सिंहमुद्रेचा एकच सिंह दिसत होता. सोनेरी खूण नव्हती. पासपोर्ट २०२१ मध्ये नव्याने काढलेला, दहा वर्षांचा. मुंढव्याला जाऊन नवा काढतो म्हणाले. त्याची गरज नव्हती. इथले अकाउंटंट, वकील वगैरे जे मनी लाँडरिंगच्या नियमांखाली येतात त्यांना कंपनीज हाउस अधिकृत एजंट म्हणून नोंदवून घेतं, आणि ते तुमचे कागद तपासून तुमची ओळख पटल्याचं कळवू शकतात. आमच्या अकाउंटंटबाई तशा नोंदलेल्या आहेत. त्यांची फी आहे, पण विमानाच्या तिकिटापेक्षा कमी. पासपोर्ट आणि आणखी एक कागद त्यांनी मागितला. भावजींनी उत्साहाने आधार पुढे केलं. बाईंनी सौम्यपणे बँकेचं स्टेटमेंट मागितलं. भावजींना हे लागलं. आख्ख्या देशाला जे पटतं ते एका बाईला पटू नये! मग ईमेलचा पत्ता द्यायचा होता तर त्यांनी सवयीने सीएचाच दिला. तिथे मात्र मी ओरडले. कोड त्या पत्त्यावर येतो, आणि कोड माणसाचा असतो. बऱ्याच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या मेलचा पासवर्ड शोधून काढला.

या सगळ्याने चोर सापडतील का, हे मी अकाउंटंटबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, मिकी माउस आणि कोंबडीचोर तरी जातील. ते बरोबर आहे. पण पडताळणी सांगते ते एवढंच, की पासपोर्टवरचा माणूस आणि कॅमेऱ्यासमोरचा माणूस एक आहे. त्या माणसाला कोणी पाचशे पौंड देऊन तिथे बसवलंय का, ते चिप सांगत नाही. ज्याला दोनशे अब्ज फिरवायचे आहेत त्याला एक खरा चेहरा भाड्याने मिळणार नाही असं मला वाटत नाही. तरीही मला हा नियम हवाच आहे. निदान उद्या कोणी माझ्या नावाने कंपनी काढायला गेला, तर त्याला माझं तोंड घेऊन जावं लागेल. डोळे तपकिरी आहेत एवढं सांगून भागायचं नाही.

डायरेक्टर म्हणून आमचं दोघांचं फेब्रुवारीत पार पडलं. भावजींचा कोडही आला. तो जूनमध्ये नोंदवायचा आहे. तेवढ्यात नवऱ्याने एक युक्ती काढली. कायदा म्हणतो पंचवीस टक्क्यांहून जास्त. भावजींनी पाच शेअर आपल्याला दिले तर त्यांचे बरोबर पंचवीस उरतात, आणि ते पीएससीच राहत नाहीत. जून नको, काही नको. अकाउंटंटबाई म्हणाल्या, होऊ शकतं, कागद करावे लागतील. संध्याकाळी फोन लावला.

भावजी युक्ती ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वहिनी, तो कोड आला तेव्हा मी म्हटलं आपलं नाव कसं लिहिलंय ते बघावं, म्हणून त्या वेबसाइटवर गेलो. तिथे तर कंपनीचे हिशेबही असतात की! फुकट उघडतात. नऊ वर्षांचे सगळे डाउनलोड केलेत." मी गप्प. नवरा गप्प. "गेल्या दोन वर्षांत नफा बरा दिसतोय. तो वाटलेला दिसत नाही कुठे. पाच शेअरचं बघू नंतर. आधी तीस शेअरच्या डिव्हिडंडचं काय ते सांगा."